दहा वर्षांची अट

आत्याने आयुष्यात दोनच गोष्टी जीव ओतून केल्या. एक म्हणजे नव्या चेंडूने गोलंदाजी, आणि दुसरी म्हणजे भावाचा मुलगा वाढवणं. पहिली सहा वर्षांत संपली. दुसरी अजून संपायची आहे. भाचा पंचेचाळिशीला आला, टक्कल पडलं, क्लबाचा चिटणीस झाला. तरी अंगात जरा कणकण वाटली की बायकोआधी आत्याला सांगतो.

गोलंदाजी तिला भावाने लावली, म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी. त्याला फलंदाजीचा सराव हवा होता आणि चेंडू टाकायला फुकटचं माणूस हवं होतं. धाकट्या बहिणीइतकं फुकट दुसरं कोण मिळणार? घराच्या मागच्या बोळात ती टाकायची, तो मारायचा. वर्षभरात त्याचं मारणं थांबलं, नुसतंच हुकायला लागलं, तेव्हा साहेबांना अचानक अभ्यासाची आठवण झाली.

पुढे ती बायकांच्या संघात गेली. भावाच्या जुन्या पांढऱ्या पँटी उसवून कंबर आत घेतलेली, तिकीट पदरचं, मुक्काम कुठल्यातरी शाळेच्या वर्गात बाकं जोडून. पण चेंडू असा आत वळायचा की समोरची पोरगी यष्ट्या पडल्यावरही बॅट धरून उभीच. देशाच्या संघात निवड झाली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली, तीही चुकीच्या फोटोसकट.

परदेश दौऱ्याची बॅग भरून दारात ठेवली होती, त्याच आठवड्यात वहिनी तापाने गेली. मूल सव्वा वर्षाचं. भाऊ त्याला कडेवर घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. रडला नाही, विनवणीही केली नाही. एवढंच म्हणाला, "दौरे काय, दरवर्षी असतात."

असतातच. पुढच्या वर्षी मुलाला गोवर निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी भावाची बदली झाली. मग शाळा. मग दौऱ्यांची पत्रं यायची थांबली. आत्या एका शाळेत कवायत शिकवायला लागली, आणि संध्याकाळी त्याच मागच्या बोळात भाच्याला चेंडू टाकायला. बॅट कशी धरायची, पाय कुठे टाकायचा, सगळं त्याला तिनेच शिकवलं. तो क्लबाकडून बरा खेळला. नुसता बरा, त्याहून जास्त नाही. पण क्लबाचं राजकारण त्याला फलंदाजीपेक्षा चांगलं जमलं.

यंदा क्लबाने नवं दालन बांधलं. त्यात शहरातल्या आधुनिक काळातल्या अकरा महान क्रिकेटपटूंच्या मोठ्या तसबिरी लागणार होत्या, बाई-पुरुष असा भेद न करता. हे वाक्य भाच्यानेच पत्रकात घातलं होतं. ते वाचल्यापासून आत्या घरात जरा वेगळीच वावरत होती. तोंडाने काही बोलली नाही. पण तिचा जुना फोटो ट्रंकेतून वर आला, पुसला गेला आणि उशीजवळच्या खणात जाऊन बसला. भाचेसूनेने विचारलं, "आत्या, काय शोधताय?" तर म्हणाली, "काही नाही गं, कसर लागली का बघत होते."

निवड समितीची शेवटची बैठक भाच्याच्या घरी ठरली. भाचेसून माहेरी, त्यामुळे चहा आत्याकडे. बाहेरच्या खोलीत चौघं होते: अध्यक्ष, खजिनदार, भाचा, आणि कोपऱ्यात एक म्हातारे पंच. पंचांना समितीत घेतलं होतं ते त्यांचा मान म्हणून. ते बोलतील अशी कुणाची अपेक्षा नव्हती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत्या गॅसपाशी उभी राहून ऐकत होती.

आधी तासभर आधुनिक काळ कुठून सुरू होतो यावर भांडण झालं. ज्याचा माणूस जुना, तो काळ मागे ओढायचा. ज्याचा नवा, तो पुढे. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या मोठ्या भावाचं पदार्पण झालं त्या वर्षावर बोट ठेवलं आणि काळ सुरू झाला. दहा नावं पटापट लागली. अकराव्याला गाडी अडली.

खजिनदारांना त्यांचा साडू हवा होता. डावखुरा, पाच हंगाम मैदान पेटवलं आणि मग परदेशी जाऊन दुकान टाकलं. भाच्याला हवे होते मास्तर, त्याला कॉलेजच्या संघात घेणारे. अठरा वर्षं खेळले, बघणारे मात्र तेवढा वेळ जागे राहिले नाहीत.

"मास्तर?" खजिनदार म्हणाले. "अहो, ते खेळायला आले की लोक भाजी आणायला जायचे. निवडून, मोजून, घरी टाकून परत यायचे तरी धावफलक तिथल्या तिथेच!"

"आणि तुमचा साडू पाच वर्षांत पळाला," भाचा म्हणाला. "महान म्हणजे काय चार दिवसांचा पाहुणा? सातत्य नको? मी म्हणतो अटच घाला. मोठ्या पातळीवर किमान दहा वर्षं खेळलेला असला पाहिजे. मग कुणाचा साडू नको की कुणाचा मेहुणा नको."

अध्यक्षांच्या भावाची बारा वर्षं भरत होती. अध्यक्ष म्हणाले, "अट योग्य आहे."

आत्याने साखर घातली की नाही ते तिला आठवेना. ट्रे घेऊन ती बाहेर आली, तेव्हा पंच घसा खाकरत होते.

"दहा वर्षांची अट घातलीत तर यांचं काय?" त्यांनी आत्याकडे हात केला. "मी यांच्या सामन्यांत उभा राहिलोय. एवढ्या वर्षांत इतका आत येणारा चेंडू मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, पुरुषांतही नाही. मला वाटलं, पहिलंच नाव हे असेल. घरातच आहे, म्हणून बोलला नसाल."

भाच्याने आत्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच तिला कळून चुकलं. त्याने तिला डावललं नव्हतं. अट घालताना ती त्याच्या डोक्यातच नव्हती.

खजिनदारांना आयतंच फावलं. "घ्या की! सहा वर्षं चालत असतील तर पाचही चालतील. काढा अट."

भाच्याचा चेहरा पडला. आत्यासाठी अट काढली तर साडूही शर्यतीत, आणि मास्तर बाहेर. त्याने कप उचलला, परत ठेवला.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "घरचं माणूस आहे म्हणून मोडला तर लोक मलाच नावं ठेवतील. काय गं आत्या? तुला तर पटेलच."

आत्या रिकामा ट्रे हातात धरून उभी होती.

पंचांनी तिलाच विचारलं, "पण तुम्ही सोडलंत का हो मधेच? तेव्हा तर ऐन भरात होता."

आत्या भाच्याकडे बघत राहिली. उत्तर त्याला माहीत होतं. त्याच्या वाढदिवसाला भाऊ दर वर्षी त्याला सांगायचा, आत्या नसती तर तू नसतास. तिला वाटलं, आता तरी तो बोलेल. अट राहू दे, मास्तर राहू देत, पण एवढं एक वाक्य बोलेल.

"तेव्हा सोडायच्याच हो बायका," भाचा म्हणाला. "घरगुती कारणं असायची."

"तू," आत्या म्हणाली.

"काय?"

"ते घरगुती कारण तू. सव्वा वर्षाचा होतास. बॅग दारात होती माझी."

अध्यक्षांना एकदम भरून आलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "वा! केवढा हा त्याग! चिटणीस, आपण उद्घाटनाला ताईंचा वेगळा सत्कार करू. मातृत्वाचा गौरव म्हणून. पुष्पगुच्छ देऊ, चार शब्द बोलू."

"मूल सांभाळल्याबद्दल नको," आत्या म्हणाली. "ते तर कुणीही सांभाळतं. मी गोलंदाज होते. गोलंदाज म्हणून घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या."

अध्यक्ष मागे टेकले. बाईमाणसाने असा सत्कार नाकारल्यावर पुढे काय बोलायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मतं मागवली. अट राहावी म्हणून अध्यक्ष आणि भाचा, जावी म्हणून खजिनदार आणि पंच. दोनास दोन. निर्णायक मत अध्यक्षांचं. मास्तर लागले.

जाताना पंच आत्याला नमस्कार करून गेले. खजिनदार चपला घालताना भाच्याला म्हणाले, "भारी पडली हो अट तुमची."

दार लागलं. भाचा स्वयंपाकघरात आला. आत्या ओट्याशी स्टुलावर बसली होती.

"असं चारचौघांत बोलायची गरज होती का? मला काय वाटलं असेल?"

"काय वाटलं?"

तो अडखळला. "म्हणजे... मी काय तुला सोड म्हणालो होतो? मला तर बोलताही येत नव्हतं तेव्हा."

हे खरंच होतं. इतकी वर्षं आत्या धरून चालली होती की त्याच्या मनात कुठेतरी तिचं देणं नोंदलेलं आहे, फक्त बोलून दाखवत नाही इतकंच. आत काहीच नव्हतं. आणि ते नसणं तिनेच वाढवलं होतं, हाताने भरवून भरवून. आत्या कशालाच काही म्हणत नाही, हे तो तिच्याकडूनच शिकला होता.

"डोकं दुखतंय," तो म्हणाला. "चहा उरलाय का?"

"पातेल्यात आहे. घे."

तो क्षणभर थांबला, ती उठेल म्हणून. मग त्याने कप घेतला आणि गाळणं शोधायला लागला. एक खण उघडला, त्यात चमचे. दुसऱ्यात काडेपेट्या आणि रबरबँड. भांड्यांच्या जाळीत त्याने दोनदा पाहिलं.

गाळणं तिच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेलं होतं. ती जागची हलली नाही.