आठ जोड

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय राहिली नाही. पण मामांना जाऊन दीड महिना झाला आणि हे तोंडाने सांगणं मला जमत नाही... म्हणून वहीत लिहिते.

कल्याणला एका कौलारू, एका माडीच्या घराची मामा राखण करायचे. गिरणीच्या लुगड्यांचे काठ काढून ज्यांचं नाव झालं, त्या चित्रकारांचं लहानपण तिथे गेलेलं. त्यांनी ते घर लोकांना मोफत बघायला ठेवलं होतं. माडीवर काचेच्या पेट्यांत त्यांची पाटी, बोरू, पहिल्या काठांचे कागद. माडीवर आठाच्या वर माणूस नको, असं सुतार बजावून गेला होता. तिकीट नाही, त्यात मामांना मोतीबिंदू. म्हणून ते ओट्यावरच्या चपला मोजायचे. काठीने जोड सरळ लावायचे आणि आठ झाले की काठी दारात आडवी.

"अहो, माणसं मोजा की! चपला काय मोजता?" त्या रविवारी एकाने थट्टा केली.

"माणसं हलतात, चपला हलत नाहीत," मामा म्हणाले. "आणि घर बघणं फुकट आहे, माडी कुणाला फुकट धरून ठेवत नाही."

सगळे हसले. मीही हसले, पदराआड.

मी डोंबिवलीहून आले होते. चपला नव्या, मामांकडूनच पाच रुपये उसने घेऊन केलेल्या. फुकटच्या गर्दीत चोरीला जातील, म्हणून त्या पिशवीत घातल्या. मामांच्या भोवती पुरुषमाणसं होती. मी मान खाली घालून बायकांच्या मागून वर गेले.

पोपटांचा काठ बघत होते, तेवढ्यात पायाखाली करकरलं. पेटीची काच थरथरली. खालून मामांचा आवाज आला, "घाबरू नका, आठच आहात!"

मी मोजलं. माझ्यासकट नऊ होतो. शब्द ओठांवर आला होता... पण परक्या पुरुषांत ओरडू कशी? मामा तुळई बघायला नेमके ओट्यावरून आत माडीखाली येऊन उभे राहिले, आणि मधली माडी त्यांच्यावर बसली. करकर ऐकून आम्ही सगळे कडेला सरकलो होतो, ते जिन्याने उतरलो. खाली काचाच काचा. मी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या.

नंतर सगळे म्हणाले, घर जुनं, तुळई पोखरलेली. असेलही.

दर शनिवारी मी मामींना एक रुपया नेऊन देत होते. परवा पाचवा. कोपऱ्यात मामांची काठी उभी होती. मामी माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे अनवाणी पळाले गं. आठ जोड ओट्यावर तसेच होते, ओळीत. तू एकटीच चपला घालून बाहेर आलीस."

मी रुपया पुढे केला. त्यांनी तो घेतला, चार रुपयांवर ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.