दादाचं यंत्र स्टॉलपर्यंत पोचलंच नाही

मंडळी, मोर्शीचा माझा दादा आज दुपारी दुबईच्या प्रदर्शनातून परतला. त्याने स्वतः बनवलेलं संत्री सोलायचं यंत्र तिथल्या कस्टमने अडवलं. चार दिवस तो रिकाम्या स्टॉलवर यंत्राचे फोटो दाखवत उभा होता.

वस्तू दाखवून परत आणायची असेल तर ड्यूटी न भरता नेता येते, पण त्यासाठी 'कार्नेट' नावाचा कागद आधी काढावा लागतो. मी अकोल्यात टॅक्सची कामं करते, म्हणून दादाने मला विचारलं होतं, "तो कागद काढू का?"

मी म्हटलं, "कायले? एका यंत्राले कोण विचारते?"

आज माफी मागितली, तर म्हणाला, "जाऊ दे बाई, तुले तरी कुठं माहीत होतं?"

माहीत नव्हतंच. पण तेव्हा तसं सांगितलं नाही. "मला माहीत नाही" म्हणणं तुम्हालाही इतकं जड जातं का?