पाचव्या पत्राचं अक्षर

"आपलं एकदम खुशाल, वहिनी." दारात पाऊल टाकायच्या आधीच आमचे मिस्त्री हे सांगून टाकायचे. कोणी विचारलेलं नसायचं. मूळचे सावंतवाडीकडचे, इथे आखातात शुवैखच्या एका वर्कशॉपात सुतार. फिंतासच्या आमच्या फ्लॅटमधलं प्रत्येक कपाट त्यांच्याच हातचं.

एका शुक्रवारी आले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन.

"हे काय हो?"

"फळी पडली. पंधरा दिवस झाले. एकदम खुशाल."

"घरी सांगितलंत?"

"छे. ती म्हणेल, पुरे झालं, या परत. माझं वर्षभराचं काम आहे अजून." रोज व्हिडिओ कॉलवर चहा पीत पीत बायकोला नुसता चेहरा दाखवायचे. मला म्हणे, कुठे बोलू नका. आता मी आणि न बोलणं, तुम्हाला ठाऊकच आहे.

पण त्या दिवशी काम वेगळंच होतं. त्यांनी पिशवीतून पाच जुनी पत्रं काढली. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात त्यांना बसऱ्याकडे लढायला नेलं होतं, म्हणजे आपल्या इथून गाडीने काही तासांवर. पत्रं मोडीत, घरात कोणाला वाचता येईनात. मी इथल्या लांबलचक दुपारी पुस्तकावरून मोडी शिकले, हे मीच त्यांना ते कपाटं ठोकत असताना ऐकवलं होतं.

"वाचा वहिनी. मोठी लढाई असेल त्यात."

लढाई कसली. चार पत्रांत फणसाला किती धरले, म्हैस व्याली का, गोठा शाकारला का. आणि शेवटी प्रत्येकात, 'मी खुशाल.'

मिस्त्री हिरमुसले. "आजोबा काय फिरायला गेले होते?"

पाचवं उघडलं आणि मी थांबले. अक्षर दुसऱ्याचं होतं. मजकूर तसाच, फक्त एक ओळ जास्त: 'कामात आहे म्हणून सोबत्याकडून लिहवून घेतले. काळजी नसावी.'

मिस्त्री त्या अक्षराकडे बघत राहिले. मग आपल्या प्लास्टरकडे.

"आजीला कळलं असेल का हो?"

"मला शंभर वर्षांनी कळलं. तिला तेव्हाच कळलं असणार."

त्यांनी तिथेच फोन लावला आणि प्लास्टर कॅमेऱ्यासमोर धरलं.

"माका ठावक आसा," बायको शांतपणे म्हणाली. "पंधरा दिस डाव्या हातान चाय पितात तुमी. म्हटलंय, बघूया कधी सांगतात." परत या, असं काही ती म्हणाली नाही. हात आधी बरा करा म्हणाली, आणि मिस्त्रींनी मी मघाशी दिलेला, एव्हाना गार झालेला चहा एका घोटात संपवला.

वर्षभराने मिस्त्री कायमचे गावी गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आता कुरकुरतं, पण मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. परवा गावाहून आलेल्या एकाबरोबर त्यांचं पत्र आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, वेडंवाकडं. सुरुवात 'आपलं एकदम खुशाल.' खाली पानभर: हात थंडीत ठणकतो, गुडघा धरलाय, साखर वाढली, पुढचा एक दात पडला. फणसाला मात्र यंदा पुष्कळ धरलेत.