इंग्रजी पेपर आणि माझं उट्टं

पुण्याजवळच्या आमच्या चांदे गावाहून सूसला मी नोकरीला जायचे तेव्हा मोबाईल फक्त साहेब लोकांच्या कमरेला असायचे. सूसच्या रस्त्याला एका बिल्डरचं साइट ऑफिस होतं. पत्र्याचं छप्पर, आत दोन खोल्या. आलेले फोन घ्यायचे, टाइप करायचं, पाहुण्यांना पाणी द्यायचं, हे माझं काम. मी बी.ए. झाले होते, मराठी माध्यमातून. आमच्या वस्तीत तेवढी शिकलेली मुलगी दुसरी नव्हती आणि मला त्याचा तोरा होता.

एके दिवशी साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "बुधवारची मीटिंग कॉल ऑफ कर. सगळ्यांना कळव."

कॉल म्हणजे बोलावणं. मी सगळ्यांना फोन लावले, बुधवारी नक्की या म्हणून सांगितलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना निरोप धाडले. बुधवारी पुण्याहून आर्किटेक्ट आले, वकील आले. पुढच्या जमिनीचे मालक, दोघे सख्खे भाऊ, भातलावणी अर्ध्यावर टाकून आले. पोटऱ्यांवरचा चिखल तसाच होता.

साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "ह्या बाईंना कॉल ऑफ म्हणजे काय ते माहीत नाही. रद्द करा म्हटलं तर ह्यांनी आमंत्रणं दिली." वकील हसला. धाकटा भाऊ तर मांडीवर थाप मारून हसला. थोरलाही हसला. मी टाइपरायटरवरचं कापड नीट करत राहिले.

ते तिथंच संपलं असतं तर मी विसरले असते. पण साहेबांनी माझं नावच कॉल-ऑफ ठेवलं. "कॉल-ऑफ, पाणी आण." "कॉल-ऑफ, फाइल दे." नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याला तो किस्सा, मग फ्लॅटचा नकाशा. घरी आई विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचे, "काय न्हाई." रात्री दात खाऊन झोपायचे.

ऑफिसात साहेबांसाठी इंग्रजी पेपर यायचा. ते जागांच्या जाहिराती बघायचे आणि पेपर रद्दीत टाकायचे. ती रद्दी मी घरी न्यायला लागले. आईला वाटलं, फळीवर अंथरायला आणते. अंथरायचीही, पण आधी मी ती शब्द न शब्द वाचून काढायचे.

शाळेतल्या डिक्शनरीचा काही उपयोग नव्हता. तिच्यात ब्रेक होता, आउट होता, पण दोन्ही एकत्र आले की काय होतं ते नव्हतं. ते पेपरनंच शिकवलं. एका पानावर कापडाच्या गोदामात आग ब्रेक आउट झाली होती, दुसऱ्या पानावर तुरुंगातून दोन कैदी. बोलणी ब्रेक डाउन होत होती आणि चोर ब्रेक इन करत होते. एकाच शब्दाला वेगवेगळी शेपटं लावली की तो वेगळं जनावर व्हायचा. आपल्याकडे नाही का, बसणं वेगळं, उठून बसणं वेगळं आणि रुसून बसणं वेगळं. हे ध्यानात आल्यावर माझी भीती गेली.

एका खुनाच्या बातमीत लिहिलं होतं की मारेकऱ्यानं ओल्ड स्कोअर्स सेटल केले. मला आधी वाटलं, क्रिकेटवरून भांडण झालं असेल. पुढे वाचलं तर बांधाचा वाद होता. म्हणजे आपलं उट्टं काढणं. तो तुकडा मी कापून उशीखाली ठेवला.

मी शिकायचे ते साहेबांना समोर धरूनच. नवा शब्द मिळाला की त्याचं वाक्य त्यांच्यावर करायचं. साहेबांची गाडी ब्रेक डाउन झाली. साहेबांना बायकोनं थ्रो आउट केलं. साहेबांना सगळ्यांनी टर्न डाउन केलं. अशी वाक्यं मनात म्हणत मी त्यांच्यापुढे चहा ठेवायचे आणि ते म्हणायचे, "कॉल-ऑफ, साखर कमी आहे."

दुसऱ्या वर्षी भात कापून झाल्यावर त्या भावांच्या जमिनीचा व्यवहार ठरला. रस्त्यालगतचं शेत ते विकणार होते, मागचं स्वतःला ठेवणार होते. मागच्या शेतात जायची वहिवाट पुढच्या शेतातूनच होती. थोरला पुन्हा पुन्हा विचारत होता, "वाट ऱ्हाईल नव्हं, साहेब? बैलगाडी जाईल एवढी?"

"राहील हो, काका. माझा शब्द आहे."

सहीच्या दिवशी दोघे भाऊ आणि वकील आले, कागद टेबलावर मांडलेले होते. मी चहा घेऊन आत गेले तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. पलीकडे त्यांचे मुंबईचे शेठ, म्हणजे खुद्द बिल्डर असावेत. साहेब भावांकडे बघून गोड हसले आणि फोनवर म्हणाले, "आय ॲम स्ट्रिंगिंग देम अलाँग. वन्स दे साइन, वी विल बॅक आउट ऑफ द रोड थिंग. दे विल कम अराउंड."

स्ट्रिंग अलाँग मला एका सल्ल्याच्या सदरात भेटलं होतं. एका मुलीनं लिहिलं होतं की तिचा प्रियकर लग्नाचं आश्वासन देत तिला वर्षानुवर्षं झुलवतोय. बॅक आउट तर राजकारणाच्या पानावर रोजचंच.

मी ट्रे खाली ठेवला.

"काका," मी म्हटलं, "साहेब फोनवर काय म्हनाले सांगू?"

"तू बाहेर जा," साहेब म्हणाले.

"तुमाला झुलवत ठेवलंय म्हनाले. सही झाली की वाटेचा शब्द फिरवायचा. मंग तुमी चार दिवस कुरकुर करनार आन येनार वळणावर."

साहेबांचा चेहरा पडला, पण धाकटा भाऊच मध्ये बोलला. "हिला काय कळतंय इंग्रजीतलं? हीच न्हवं का ती, आपल्याला लावणीतनं उठवून आणलेली?"

साहेबांना हायसं वाटलं. "तीच. कॉल-ऑफ."

"माझं खरं मानू नका," मी थोरल्याला म्हटलं. "वाट कागदात लिवून मागा. आत्ता, सहीच्या आधी. काय म्हनत्यात बघा."

थोरल्यानं साहेबांकडे पाहिलं. "लिवा की मंग."

"काका, ते नंतर वेगळ्या कागदावर घेऊ."

"का? ह्या कागदाला काय झालंय?"

साहेब वकिलाकडे बघायला लागले आणि वकील चहाकडे. थोरल्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली, भावाला कोपरानं ढोसलं आणि दोघे निघून गेले. चहा तसाच राहिला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. आवाज चिरकला होता. मी टेबलावरचा त्या दिवसाचा पेपर उचलला, त्यांनी तो अजून उघडलासुद्धा नव्हता, आणि बाहेर पडले.

सूड घेतल्यावर माणसाला पोकळ वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला सपाटून भूक लागली. घरी जाऊन आईच्या हातच्या भाकरी आणि पिठलं पोटभर खाल्लं. आईनं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी गेली की गं." मग जवळ सरकून म्हणाली, "तोंड कसं झालं हुतं गं त्याचं, पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं.

जमीन पुढे त्याच बिल्डरला गेली, पण वाट कागदात लिहून. व्यवहाराला दुसरे साहेब आले होते. आमच्या साहेबांना तिथून हलवलं असं वॉचमननं सांगितलं. कुठे, ते मी विचारलं नाही. लांब असावं एवढीच इच्छा. मला मारुंजीला एका ऑफिसात काम मिळालं आणि पहिल्या पगारापासून मी घरी स्वतःचा इंग्रजी पेपर लावला.

काही वर्षांनी धाकटा भाऊ आमच्या दारात आला. त्याच्या मुलाला हिंजवडीच्या कंपनीतून इंग्रजी कागद आला होता आणि घरात कुणाला त्याचा अर्थ लागत नव्हता. "ताई, जरा वाचून देता का?" तो म्हणाला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. वाचून दिला, अर्थही नीट समजावून सांगितला. पण त्याआधी तांदूळ निवडून होईपर्यंत त्याला अंगणात, उन्हात उभा ठेवला. आणि त्या दिवशी मी फार सावकाश निवडले.