कापडाच्या घरातला चित्रकार

आमचा फेटेवाला नमस्कार नंतर करतो, आधी समोरच्याच्या शर्टाचं कापड दोन बोटांत धरून बघतो. लग्नसराई नसली की माझ्या कोल्हापुरातल्या चित्रकलेच्या क्लासात येऊन बसतो आणि माझं बोलणं खुशाल तोडतो.

त्या दिवशी मी पडद्यावर एका इंग्रज राजाचं चित्र दाखवत होतो. राजा इंग्लंडचा, पण चित्रकार परमुलखातून आणलेला. पुढं इंग्रज चित्रकार त्याच्याच वळणावर गेले, एवढं सांगून झालं होतं. फेटेवाल्यानं राजाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पडद्याजवळ जाऊन त्यानं रेशमी बाही दोन बोटांत धरल्यासारखी केली.

"काढणारा कापडाच्या घरातला हाय."

हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. त्या चित्रकाराचा बाप खरोखर रेशमाचा व्यापारी होता.

मग त्याची नजर मी काढत असलेल्या माझ्या आजोबांच्या चित्रावर गेली.

"मास्तर, ह्यो फेटा उभ्याउभ्या सुटंल."

त्यानं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या डोक्याला बांधला.

"आता आरशात बघून काढा. कोल्हापूरला बाहेरनं चित्रकार आणायला लागत न्हाय."