शुभदाताईंचं मिलेटस

शुभदाताई गेल्याचा त्यांच्या यजमानांचा, सुधीररावांचा फोन आला तेव्हा मी आइंडहोवनच्या बसमध्ये होतो. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा चिडचिडच जास्त होते आहे... त्यांच्यावर, आणि त्याहून माझ्यावर.

नवऱ्याच्या नोकरीमागून नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आलेल्या या बाईंनी तिथल्या वाचनालयात बसून एका प्राचीन ग्रीक बंदराचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. मिलेटस. आज ते तुर्कस्तानात आहे. एके काळी जहाजांनी गजबजलेलं. पण नदीने गाळ आणून आणून बंदर बुजवलं, समुद्र दूर गेला आणि गाव ओस पडलं. इथल्या मराठी मंडळात गणपतीची आरती झाली की ताई कुणाला तरी कोपऱ्यात गाठायच्या, बहुधा मलाच. "अरे मंदार, आम्ही राहतो तिथं माणसांनी पाणी उपसून गाव वसवलं. मिलेटसला पाणीच गाव सोडून गेलं. काहीच वाटत नाही तुला?" मला भूक लागलेली असायची. हे वाचणार कोण, असं एकदा तोंडावर म्हणालो. "तू," त्या म्हणाल्या आणि पुढच्या भेटीत हस्तलिखितच हातात ठेवलं. "चुका काढ. भांड माझ्याशी. मग छापायला देते."

वर्षभर ते माझ्या न्यूनेनच्या घरी कपाटावर पडून राहिलं. त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, "छान झालंय, ताई." आपल्याकडे ही मोठी सोय आहे, छान म्हटलं की वाचावं लागत नाही. "नुसतंच छान?" एवढं विचारून त्या विषय बदलायच्या, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. वर, ताई पुस्तक छापायला का देत नाहीत म्हणून सुधीररावांकडे कुरकुर करणाराही मीच!

परवा एकदाचं ते उघडलं. भाषा जड, तळटीपा डोकं उठवणाऱ्या. पण गाळाचं पहिलंच प्रकरण वाचताना माझा चहा गार झाला. गावकरी नावा बांधायला दर पिढीला थोडे पुढे सरकतात, आणि बंदर संपलं असं कुणीच म्हणत नाही. तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "मंदार, इथे माझं काहीतरी चुकतंय. इथपर्यंत आलास की फोन कर. तोवर छापायला देत नाही."

ते बाविसावं पान होतं.