फोटोखालची नावं

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला, की मला आमच्या धरणगावच्या घरातली ती भरिताची दुपार आठवते. धाकटी जाऊ ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिच्या आणि दिराच्या लग्नातल्या पाहुण्यांचा एकेक फोटो दाखवून विचारत होती, “ताई, हे कोण?” मी गरम वांगी सोलता सोलता सांगत होते, “बोदवडच्या मावशी. हे साक्रीचे मामा.” सगळ्या गोतावळ्याची ओळख घरात मलाच, कुणाचं नाव अडलं, की सासरेसुद्धा मलाच हाक मारत. सगळी नावं यादीत भरून झाल्यावर तिने काळ्या पडद्यावर संगणकाला हुकूम देणारी एक ओळ टाइप केली, बटण दाबलं, आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या अक्षरांत नाव उमटलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले. “पोरगी हुशार शे! आते कोनले इचारानं काम नही.” आता कुणाला विचारायची गरज नाही, हे ऐकून हातातलं वांगं मी तसंच धरून बसले. “आबा, नावं ताईंनीच सांगितली,” ती म्हणाली, पण ते पुढच्या फोटोत गढले होते. तिच्या त्या चांगुलपणाचाच मला जास्त राग आला. आजही तिने नावं घातलेले फोटो मोबाइलवर आले, की मी आधी चूक शोधते, आणि सापडली नाही तर दिवसभर करमत नाही.